अँड सन

नाजीने दारातूनच दिला, एका मोज्यात गुंडाळून.
"बाबांचा आहे. उघडत नाही.
फेकवतही नाही."
मोजाही त्यांचाच असावा,
टाचेला दुसऱ्याच रंगाचं रफू.

स्वयंपाकघरातल्या टेबलावर कालचं वर्तमानपत्र पसरलं.
जूनमध्ये आमच्या शेफील्डला उजेड रात्री नऊपर्यंत रेंगाळतो,
चढावरची घरं एकमेकांच्या खांद्यावरून
खाली नदीकडे बघत बसतात.

पहिला नियम: घाई नाही.
दुसरा अजून सापडलेला नाही.
बिजागरीत दोन थेंब तेल, आणि एक कप चहा.
चहा संपेपर्यंत चाकूनेच ठरवायचं
उघडायचं की नाही.

खाचेत नख घातलं, नखच तुटलं.
पक्कड नको. पक्कड म्हणजे पोलिसांची चौकशी,
कबुली मिळते, पण हाड मोडतं.
तिसऱ्या कपाला मोठं पातं कण्हलं,
अर्ध्यावर येऊन दम खाल्ला
आणि मग
खट्.
सत्तर वर्षांची स्प्रिंग, अजून शब्दाची पक्की.

दात कोरायच्या काडीने त्याच्या पोटातलं बाहेर काढलं:
तंबाखूचा भुगा, खिशातली लोकर,
संत्र्याच्या सालीचा दगड झालेला कण,
आणि काळं, चिकट काहीतरी
जे साबणाचं ऐकत नाही.
नाजीचे बाबा एडनहून बोटीने आले,
तीस वर्षं रोलिंग मिलमध्ये रात्रपाळी,
लाल पोलाद चिमट्यात धरून.
सुट्टीच्या भोंग्याला एक संत्रं, आठ फोडी, आठ माणसं.
फोडी मोजणारा शेवटची घेतो,
हे नाजीला त्यांनी शिकवलेलं पहिलं गणित.

धार लावून लावून पातं निम्मं झालंय,
न्हाणीघरातल्या साबणाच्या चिपटीसारखं.
मुळाशी ठसा आहे. भिंग धरलं.
"अँड सन" एवढंच उरलंय.
बापाला गंजाने खाल्लं,
मुलगा वाचला,
कोणाचा, ते न कळता.

माझा भाचा म्हणतो, चाक लाव मामा,
मिनिटात आरसा करून देतो.
त्याला कसं सांगू, गंज वेगळा आणि डाग वेगळा.
गंज खातो.
डाग राखण करतो.
मी फक्त लाल तेवढं घासलं, निळंकाळं तसंच ठेवलं.

मग धाकटं पातं.
ते कधी कोणी उघडलंच नव्हतं.
मोठ्याच्या बगलेत, तेलाच्या वाळल्या पापुद्र्याखाली
ते इतकी वर्षं गप्प पडून होतं.
काडीने पापुद्रा सोलला, हलकेच ओढलं,
आणि टेबलावरचा उजेड एकदम त्यात शिरला.
कारखान्यातून निघालं तेव्हाचं पॉलिश.
एकही ओरखडा नाही.
माझा डोळा, माझी पांढरी भुवई,
मागे भिंतीवरचं घड्याळ, उलटं चालणारं.

आई बफर होती.
डोक्याला लाल फडकं, पायांना कागद बांधून
दिवसभर चाकासमोर.
चमचे, काटे,
आणि ते कमी पडले की चाकूसुद्धा.
घरी यायची तेव्हा दात आणि डोळे एवढेच गोरे.
"तुझं बोट लावू नकोस," म्हणायची
बाजारातल्या दुकानांच्या काचेपाशी उभी राहून,
जणू आतलं सगळं तिनेच घासलंय.

हे तिचं?
तिच्या खोलीत चाळीस पोरी होत्या.
अशा खोल्या गावात किती, ते कोणी मोजलं नाही.
मी भिंगाने शोधत राहिलो,
काय शोधत होतो देव जाणे,
पॉलिशवर सही नसते,
सही उरली तर ते पॉलिश नव्हे.

पुसताना अंगठा लागलाच.
ठसा उमटला, गोल, स्पष्ट.
लाज वाटली,
साठी ओलांडलेल्या माणसाला वाटू नये इतकी.
मऊ फडक्याने दोनदा पुसला,
एक थेंब तेल,
आणि धाकटं पातं पुन्हा मिटून टाकलं.

नाजी उद्या येईल, किती झाले विचारेल.
सांगेन, मोठ्याची धार अजून लागतेय, जपून.
धाकट्याचं सांगावं की नाही
ते ठरलेलं नाही.
मोजा धुऊन तारेवर टाकलाय.